मराठी नावाच्या फाइलवर शेल क्रॅश होतोय? आधी या चुका टाळा

फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ अशी एखादी फाइल असते, तुम्ही टर्मिनलमध्ये साधी लिस्टची कमांड देता आणि नावाच्या जागी नुसते चौकोन येतात, किंवा प्रश्नचिन्हं, किंवा स्क्रिप्ट अर्ध्यात एरर टाकून मरते, कधी कधी तर आख्खा शेलच, म्हणजे तुमच्या कमांड्स चालवणारा प्रोग्रॅमच, बंद पडतो. मग कुणीतरी सांगतं, नावं इंग्रजीत ठेव ना, कशाला झंझट. मला हा सल्ला बिलकुल मान्य नाही. आपल्या भाषेत फाइलला नाव देण्यात काहीही चुकीचं नाही, आत्ता वापरात असलेल्या सगळ्या मोठ्या फाइलसिस्टम देवनागरी नाव व्यवस्थित साठवतात, गडबड होते ती ते नाव वाचणाऱ्या, दाखवणाऱ्या किंवा पुढे पाठवणाऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅममध्ये. तो नेमका कोण ते शोधायचं, आणि तोपर्यंत फाइलला हात लावायचा नाही.

घाईत रिनेम करू नका

एरर आली की लगेच बल्क रिनेमचं टूल चालवायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अशी बरीच टूल्स इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कॅरेक्टरच्या जागी अंडरस्कोर टाकतात. आता ‘मराठी’ बघा: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबात पाच कॅरेक्टर्स. ‘भूगोल’ पण पाचच. दोघांचेही झाले पाच अंडरस्कोर, नाव एकच, आणि लिनक्सवरची नाव बदलणारी एमव्ही कमांड सहसा काही न विचारता एका फाइलवर दुसरी लिहून मोकळी होते. एक फाइल गेली, कायमची. एमव्हीला मायनस एन लावलं तर निदान तेवढं तरी वाचतं.

त्याआधी नाव शाबूत आहे का ते बघा ना. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर ३ बाइट्स घेतं, म्हणजे ‘मराठी’ १५ बाइट्सचं. लिनक्सवर लिस्टचं आउटपुट ओडी मायनस सी या कमांडमध्ये पाइप केलं, म्हणजे उभी रेघ देऊन तिकडे वळवलं, की हे बाइट्स ऑक्टल (आठच्या पायाच्या) आकड्यांत दिसतात, आणि देवनागरी असेल तर ३४० २४४ किंवा ३४० २४५ ही जोडी परत परत येते. म चे बाइट्स ३४० २४४ २५६. ही जोडी दिसली की निर्धास्त व्हा, नाव जसंच्या तसं आहे. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या स्टेटसमध्ये मराठी फाइलऐवजी असेच बॅकस्लॅशवाले आकडे दिसतात आणि लोक घाबरतात की रेपो (गिटचा सगळा साठा) करप्ट झाला, तसं काही नसतं, गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स करा, नावं मराठीत दिसायला लागतात. पण लिनक्सवर ओडीमध्येसुद्धा खरोखरच प्रश्नचिन्हं निघाली तर मात्र नाव कॉपी होतानाच गेलं, मूळ ठिकाणाहून परत आणा.

चौकोन आणि प्रश्नचिन्ह यांना एकाच मापात धरू नका

चौकोन म्हणजे फॉन्टचा प्रश्न. विंडोजच्या जुन्या कन्सोलला, म्हणजे कमांडच्या काळ्या विंडोला, देवनागरी नीट मांडता येत नाही. तेच नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथे बरोबर आलं तर विषय संपला, विंडोज टर्मिनल वापरा.

प्रश्नचिन्हाचा मामला गंभीर आहे. विंडोजवर प्रोग्रॅमला फाइलचं नाव दोन रस्त्यांनी मिळू शकतं, एक युनिकोडचा, ज्यात सगळ्या भाषांची अक्षरं बसतात, आणि एक जुना आन्सी कोडपेजचा, म्हणजे ठरावीक भाषांपुरत्या अक्षरांच्या तक्त्याचा. रशियनला १२५१ आहे, ग्रीकला १२५३ आहे, मराठीला आणि हिंदीला असं आन्सी कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. त्यामुळे जुन्या रस्त्याने जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात, आणि विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह हे वाइल्डकार्ड, म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’ अशी खूण, असल्यामुळे ते फाइलच्या नावात चालतच नाही, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच लिस्ट केलेली फाइल तोच उघडायला जातो आणि त्यालाच ती उघडता येत नाही. ही केस नीट हाताळलेली नसेल तर तो तिथेच झोपतो. म्हणूनच रशियन किंवा जपानी युजर्ससाठी लिहिलेला ‘सिस्टम लोकॅल (जुन्या प्रोग्रॅम्ससाठीची भाषेची सेटिंग) आपल्या भाषेचा करा’ हा उपाय आपल्याकडे लागू पडत नाही, कितीही वेळा रिस्टार्ट करा.

सीएचसीपी ६५००१ ही कमांड पण इथे कामाची नाही, कारण त्याने फक्त त्या एका कन्सोल विंडोचं कोडपेज बदलतं, फाइलचं नाव मागायचा रस्ता बदलत नाही. जुन्या रस्त्याने जाणाऱ्या त्या टूलचं नवीन व्हर्जन बघा. नसेलच तर रीजन सेटिंग्जच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये, सिस्टम लोकॅल बदलायच्या बटणामागे, जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरायचा बीटा चेकबॉक्स आहे, तो ऑन करून रिस्टार्ट करा, फक्त त्याने काही जुनी सॉफ्टवेअर्स वेडंवाकडं दाखवायला लागू शकतात हे लक्षात ठेवा.

स्क्रिप्ट कशी सेव्ह केली ते बघितल्याशिवाय कोडला दोष देऊ नका

हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं कारण यात लोकांचे तासन् तास जातात. बॅच फाइल (विंडोजच्या कमांड्सची साधी स्क्रिप्ट) असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये पण बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी एन्कोडिंगची खूण, न लावता सेव्ह करायची आणि मराठी नाव येण्याआधी सीएचसीपी ६५००१ द्यायचं, बीओएम लागला तर पहिली ओळच ओळखू येत नाही अशी एरर येते. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ या शेलचं बरोब्बर उलटं, त्याला बीओएम हवाच, नाहीतर तो आख्खी फाइल आन्सी समजून वाचतो. आणि नोटपॅड विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून बाय डिफॉल्ट बीओएमशिवाय सेव्ह करतं, म्हणजे साधेपणाने नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट ५.१ मध्ये फसणारच.

कशी फसते तेही बघण्यासारखं आहे. ‘ओ’ चा तिसरा बाइट इंग्रजीच्या आन्सी कोडपेजमध्ये, म्हणजे १२५२ मध्ये, वळणदार डबल कोट म्हणून वाचला जातो, आणि पॉवरशेल वळणदार कोटलाही खरा कोट मानतो. त्यामुळे डबल कोटमध्ये लिहिलेलं ‘ओळख’ पहिल्याच अक्षरावर तुटतं आणि ‘स्ट्रिंग बंद केलेली नाही’ अशी एरर भलत्याच ओळीवर येते. सिंगल कोट वापरले तर अनुस्वार आणि दीर्घ ऊकार हेच करतात, म्हणजे तिथे ‘भूगोल’ तुटणार. पण ‘मराठी’ मात्र पार्स होऊन (एरर न येता वाचलं) जातं आणि पुढे फक्त फाइल सापडत नाही. एकच स्क्रिप्ट एका नावावर फुटते आणि दुसऱ्यावर फुटत नाही, म्हणून माणूस लॉजिक तपासत बसतो. बीओएमसह यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, किंवा पॉवरशेल ७ घ्या, तो बीओएम नसला तरी यूटीएफ-८ च धरतो.

आणि नाव टाइप किंवा पेस्ट करतानाच पॉवरशेल लालभडक एरर देत असेल, त्यात कर्सरची ‘टॉप’ व्हॅल्यू बफरच्या बाहेर गेली असं काही लिहिलेलं असेल, तर तुमची कमांड बरोबर आहे, ती ओळ टाइप करू देणारं पीएसरीडलाइन नावाचं मॉड्यूल पडलंय. ते तात्पुरतं रिमूव्ह करून परत पेस्ट करून बघा, चाललं तर मॉड्यूल अपडेट करा.

लिनक्सवर लोकॅल न बघता पुढे जाऊ नका

स्वतःच्या मशीनवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत) किंवा कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) फुटतं, असं असेल तर आधी लोकॅल, म्हणजे भाषेची आणि एन्कोडिंगची सेटिंग, दाखवणारी लोकॅल कमांड द्या. तिथे सी किंवा पॉझिक्स, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं धरणारं लोकॅल, दिसलं तर तेच कारण. लँग व्हेरिएबल सी डॉट यूटीएफ-८ वर सेट करा, क्रॉनसाठी वेगळं करा कारण क्रॉन तुमच्या लॉगिनच्या सेटिंग्ज उचलत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे मशीनवर नसलेलाच लोकॅल सेट करणं, मग सिस्टम गुपचूप सी वरच राहते, म्हणून लोकॅल मायनस ए ने लिस्ट बघूनच नाव टाका. पायथनची गंमत वेगळी, विंडोजवर स्क्रीनवर नाव छान छापतो आणि तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ‘चारमॅप’ची एरर देऊन थांबतो, ३.७ पासून पुढे पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की हे बंद होतं.

शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला कोट्स लावा, फाइंडला प्रिंट-झिरो आणि एक्सआर्ग्जला मायनस झिरो द्या, हे तर कुठल्याही भाषेच्या नावाला लागतंच. पण नाव छोटं करायला कट मायनस सी वापरू नका, बऱ्याच ठिकाणी ते बाइट्सच मोजतं, अक्षर मधोमध कापलं जातं आणि आत्तापर्यंत चांगलं असलेलं नाव खरंच मोडतं. लांबीचंही बघा, विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टमवर नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिट्स आहे (देवनागरीचं एक कॅरेक्टर म्हणजे एक युनिट) आणि लिनक्सच्या एक्स्ट-४ वर २५५ बाइट्स, म्हणजे काना-मात्रा धरून फक्त ८५ देवनागरी कॅरेक्टर्स, त्यामुळे विंडोजवरची लांबलचक मराठी नावं लिनक्सवर कॉपीच होत नाहीत.

नाव हाताने टाइप करू नका

‘दुसऱ्या’ मधला ऱ्या एका कीबोर्डवरून ऱ या स्वतंत्र अक्षराने येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलंत आणि एक न दिसणारा जॉइनर असा येतो. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइलसिस्टमवर तर ऱ चे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन तुकडे करूनच साठवले जातात. स्क्रीनवर सगळं सारखं, बाइट्स वेगळे, आणि लिनक्स फक्त बाइट्स बघतं, म्हणून समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’. टॅबने नाव पूर्ण करून घ्या किंवा लिस्टमधून कॉपी करा.

नाव खरंच मोडलेलं असेल आणि कशानेच पकडता येत नसेल तर एलएस मायनस आय ने त्या फाइलचा आयनोड नंबर (फाइलसिस्टमने फाइलला दिलेला क्रमांक) काढा आणि फाइंडला तो नंबर देऊन त्यातूनच एमव्ही चालवा, नावाची गरजच पडत नाही. आख्ख्या फोल्डरचं एन्कोडिंग बदलायचं असेल तर कॉन्व्हएमव्ही हे टूल आहे, ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, नोटेस्ट दिल्याशिवाय काही बदलत नाही, ती लिस्ट वाचून मगच पुढे जा.

आणि दोष टूलचाच निघाला तर नाव बदलून गप्प बसू नका, बग टाका. रिकाम्या फोल्डरमध्ये ‘ओ’ नावाची एकच रिकामी फाइल बनवा, मग ‘क’ नावाची, मग ऱ्या असलेली, आणि कुठली फुटते ते कमांड, टूलचं व्हर्जन, लोकॅल किंवा कोडपेज आणि नावाचे बाइट्स यांच्यासकट लिहा, म्हणजे देवनागरी न वाचता येणाऱ्या डेव्हलपरलाही ते जसंच्या तसं करून बघता येईल.