लाकडी कुंपण स्वतः घालताय? आधी खांबाच्या बुडाकडे बघा

गावच्या घराला जांभ्याचा गडगा घालायचा म्हटलं की चिरे, गाडीभाडं आणि गवंड्याची मजुरी यांच्या हिशोबानेच घाम फुटतो. म्हणून कोकणात हल्ली बरेच जण मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच लाकडी कुंपण घालायला घेतात. काम होतंही आणि दिसतंही छान. पण दोन-तीन पावसाळे गेले की वरच्या फळ्या ठणठणीत असतात आणि खांब मात्र हात लावला की डुलतो.

कारण बहुतेक वेळा एकच. लाकूड थेट मातीत पुरलेलं असतं.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कोरड्या लाकडात ओल नसते, खोल पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही. दोन्ही मुबलक मिळतात ती जमिनीलगतच्या सहा-आठ इंचांत, आणि खांब तिथेच झिजतो. आपल्याकडे डांबर लावतात ते खड्ड्यात जाणाऱ्या भागाला, जमिनीच्या पातळीपर्यंत. म्हणजे गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच लेप संपतो! लावायचंच असेल तर जमिनीच्या वर वीतभर येऊ द्या, आणि लाकूड पूर्ण वाळलेलं असेल तरच लावा. ओल्या लाकडाला डांबर फासलं की आतली ओल आतच कोंडते. गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायचीही पद्धत आहे. ती मला अजिबात पटत नाही. ऑइल वरच्या थरातच राहतं, पावसाने धुऊन निघतं आणि परसातल्या मातीत, पुढे विहिरीत उतरतं.

खांबाभोवती काँक्रीट ओतून निर्धास्त होणारेही पुष्कळ. लाकूड वाळलं की आकसतं, काँक्रीट आकसत नाही. मध्ये फट पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि खाली तळही काँक्रीटचाच असेल तर ते तिथेच साचून राहतं. म्हणून खड्ड्याच्या तळाशी चार इंच खडी घाला, खांब खडीवरच उभा करा आणि काँक्रीट फक्त बाजूंनी भरा. वरचा माथा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवून बाहेरच्या बाजूला उतरता करा. खर्चाची तयारी असेल तर काँक्रीटच्या ठोकळ्यात गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्ट्या रोवा आणि खांब जमिनीपासून दोन इंच वर बोल्टने आवळा. पुढे एखादा खांब गेलाच तर खणाखणी न करता बदलता येतो.

खोलीचा साधा हिशोब असा: खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत. चार फुटी कुंपणाला सहा फुटी खांब. घाटावरच्या काळ्या मातीत मात्र एवढ्याने भागत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि खांब थोडा थोडा कलंडत जातो. तिथे शक्यतो मुरूम लागेपर्यंत खणा.

वखारीत फसू नका

‘साग आहे’ म्हटलं की माणूस भुलतो. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गडद गाभ्यात असतो. कडेचं फिकट लाकूड वाळवी आवडीने खाते. कापलेल्या टोकाकडे नीट बघा. बारीक वाशांत ही फिकट कड बरीच असते. सुरू, नीलगिरीचे वासे स्वस्त पडतात, पण प्रक्रिया न केलेले जमिनीत फार दिवस काढत नाहीत. प्रक्रिया कुठली तेही विचारा. बोरिक-बोरॅक्स घरातल्या लाकडाला ठीक, उघड्यावर ते पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातं. आर्सेनिक असलेल्या रसायनाची प्रक्रिया केलेलं लाकूड टिकतं, मात्र त्याचे उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात कधीही घालू नका. आणि स्वतःच्या आवारातला साग तोडायचा असला, तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याखाली परवानगी लागते.

मेमध्ये वाळलेल्या फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या की जुलैत त्या फुगून एकमेकींना ढकलतात, वाकतात, खिळे उपसतात. निदान पाच मिलिमीटर फट सोडा. समुद्राकाठी तर याहून मोठी सोडा. जून २०२० चं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ज्यांनी रायगडात अनुभवलं, त्यांना सलग भिंतीसारख्या कुंपणावर वारा कसा रेटा देतो हे वेगळं सांगायला नको. खिळे साधे लोखंडी नकोत. सागातल्या टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन काळे ओघळ येतात, शिवाय गंज. गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. खांबाची डोकी तिरकी कापा, कारण कापलेलं टोक पाणी सर्वांत जास्त पितं.

फाटक लोंबण्याचं कारण बहुधा उलट लावलेली कर्णाची पट्टी असते. ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी, म्हणजे फाटकाचं वजन बिजागरीवर रेटलं जातं. फाटकाचे खांब बाकीच्यांपेक्षा जाड आणि खोल ठेवा.

हद्दीचं म्हणाल तर सातबारावर क्षेत्र असतं, जमिनीवरची रेघ नसते. शेजाऱ्याशी थोडाही किंतु असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. बांधावरून उपसलेले खांब पुन्हा रोवणं फार महागात पडतं.

कुंपण आधीच घातलंय आणि खांब हलतोय? बुडाची माती वीतभर बाजूला करून स्क्रू-ड्रायव्हर टोचा. बोटाच्या पेरभर सहज आत गेला तर लाकूड गेलंच समजा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नुसत्या नळ्या खरवडून ती जात नाही, बुडाशी वाळवीचं औषध द्यावंच लागतं. वरचा भाग टणक असेल तर अख्खा खांब फेकू नका. कुजकं बूड कापा, शेजारी काँक्रीटचा आखूड खांब किंवा लोखंडी अँगल रोवा आणि दोन बोल्टने लाकूड त्याला आवळा. कापलेलं टोक मातीपासून दोन इंच वर राहू द्या. हे काम पाऊस ओसरून माती थोडी आवळली की करा. चिखलात रोवलेला अँगल ताठ राहत नाही.