टर्बो गाडीत ऑक्टेन बूस्टर किंवा रेस फ्युएल घालायचं असेल तर

एप्रिलमध्ये मालवणहून परत येताना करूळ घाट चढत होतो. गाडीत चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू. गाडी माझी छोटी टर्बो हॅचबॅक, रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनच्या संगणकातला मॅप (सेटिंग) बदललेली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. गगनबावड्यात गाडी थांबवली, इंजिन गार होऊ दिलं आणि घरी पोचल्यावर त्याच रात्री ऑक्टेन बूस्टरच्या, म्हणजे पेट्रोलचं ऑक्टेन वाढवणाऱ्या रसायनाच्या, चार बाटल्या मागवल्या. आवाज कमी झाला, म्हणून दर टाकीला एक बाटली ओतत राहिलो. तीन महिन्यांनी गाडी सकाळी मिसफायर करायला लागली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. पांढरं पोर्सिलीन विटकरीसारखं लाल झालं होतं आणि नखानं खरवडलं तरी रंग जात नव्हता. "पेट्रोलात काय घालताय?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून हे नीट समजून घेतलं. आपल्याकडे आता रिमॅप केलेल्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात आणि बाटल्या ऑनलाइन सहज मिळतात, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

आधी ऑक्टेन म्हणजे काय

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल ठिणगीआधी किंवा भलत्या ठिकाणी भडकू नये, हा त्याचा टिकाव मोजणारा तो आकडा आहे. आयसोऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी केलेली आहे. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. १ बार बूस्टला (टर्बोनं वाढवलेल्या दाबाला) टर्बोतून बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या वर सहज जाते. इंटरकूलर ती गार करतो, पण कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये, तेही घाटात कमी वेगानं चढताना, त्याला वारा मिळत नाही. अशा वेळी सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. नॉक सेन्सरला ते कळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पिकअप मरतो.

म्हणून जास्त ऑक्टेनचा फायदा दोनच प्रकारच्या गाड्यांना मिळतो: टायमिंग मागे घ्यावं लागतंय अशा गाडीला, किंवा जास्त ऑक्टेन गृहीत धरून मॅप लिहिलेल्या गाडीला. बाकीच्यांचे पैसे धुरातून जातात.

पायरी १: झाकणामागचं स्टिकर वाचा

पेट्रोलच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये किमान आकडा दिलेला असतो, ९१ किंवा ९५. हा रॉन, ऑक्टेन मोजायची एक पद्धत. भारतात, युरोपात, जपानमध्ये रॉनच वापरतात. अमेरिकेत पंपावर लिहितात तो आकडा रॉन आणि मॉन (जास्त कठीण परिस्थितीत मोजलेलं ऑक्टेन) यांची सरासरी असतो, म्हणून तिकडचं ९३ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९७-९८. अमेरिकन व्हिडिओ बघून '९३ चालतं' असं ठरवलं, तर मोठा घोळ होतो. मॅप लिहिणाऱ्याला सरळ विचारा: किती रॉनसाठी लिहिलाय? त्याला आकडा सांगता येत नसेल, तर तो मॅप काढून टाका.

पायरी २: गाडीची तब्येत आधी

बरंच नॉकिंग पेट्रोलमुळे होतच नाही. जुने प्लग, चुकलेली गॅप, इंटरकूलरच्या पाकळ्यांत अडकलेली उसाची चिपाडं आणि धूळ, सैल झालेला बूस्ट पाइप, इंजिनमध्ये साचलेला कार्बन, ही सगळी कारणं आधी तपासा. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालवली असेल, तर बंपरच्या जाळीत टॉर्च मारून एकदा बघाच. माझ्या इंटरकूलरचा खालचा पट्टा चिपाडांनी अक्षरशः बुजलेला होता. तो धुतल्यावर निम्मं काम झालं, आणि त्याला खर्च आला पाण्याचा.

रिमॅप असेल, तर एक पायरी 'थंड' हीट रेंजचे, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, प्लग घालावेत का, हे मॅप लिहिणाऱ्या ट्यूनरला विचारा.

पायरी ३: मोजा

कानावर भरवसा ठेवू नका. खडखड ऐकू येईपर्यंत सेन्सरनं कित्येकदा टायमिंग मागे घेतलेलं असतं. ओबीडी पोर्टला, म्हणजे इंजिनच्या संगणकाची माहिती देणाऱ्या सॉकेटला, लागणारं ब्लूटूथ रीडर घ्या. तुमच्या कंपनीच्या गाडीचा प्रत्येक सिलिंडरचा टायमिंग रिटार्ड (टायमिंग किती अंश मागे गेलं ते) दाखवणारं ॲप शोधा आणि चार गोष्टी नोंदवा: आरपीएम, बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि रिटार्ड.

मोजायला चढ उत्तम, कारण चढावर वेग न वाढवता इंजिनवर पूर्ण भार येतो. मी निपाणीच्या पुढे संकेश्वरकडे जाताना तवंदी घाटात मोजतो. पहाटे, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून, वेगमर्यादेत. फोन शेजारच्याच्या हातात, चालवणाऱ्याच्या नाही. ट्रकच्या मागे हे करू नका.

टायमिंगची एक-दोन अंशांची मागेपुढे हालचाल चालते. सगळ्या सिलिंडरांत सलग पाच-सहा अंश मागे जात असतील, तर पेट्रोल किंवा तापमान कमी पडतंय. एकाच सिलिंडरमध्ये जात असतील, तर दोष त्या सिलिंडरचा: प्लग, इंजेक्टर किंवा कार्बन. तिथे बूस्टर ओतून उपयोग नाही.

अजून एक वेगळा आजार आहे. वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबला की छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कधीकधी ठिणगीच्या कितीतरी आधी स्फोट होतो आणि पिस्टनची कडा तुटू शकते. तो ऑक्टेननं बरा होत नाही. एपीआय एसपी दर्जाचं ऑइल वापरा आणि चढावर गिअर खाली घ्या.

पायरी ४: बाटलीआधी पंप

इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं. ते सगळ्या पंपांवर मिळत नाही आणि साध्याहून बरंच महाग आहे, पण ते पेट्रोल आहे, रिफायनरीतून आलेलं. मिश्रणाचा अंदाजे हिशोब सोपा: लिटर गुणिले ऑक्टेन, बेरीज, भागिले एकूण लिटर. टाकीत ९५ चं २० लिटर आहे, त्यात १०० चं २० लिटर घातलं तर ९७.५. बहुतेक स्टेज १, म्हणजे फक्त मॅप बदललेल्या, गाड्यांना एवढं पुरतं.

आणि आपल्या उसाच्या कोल्हापूर जिल्ह्यात राहून इथेनॉलबद्दल न बोलणं बरं नव्हे. इथेनॉलचा रॉन १०८ च्या आसपास आहे आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, म्हणजे सिलिंडर आतून गार करतं. पंचगंगेकाठच्या शेतातला ऊस कारखान्याच्या डिस्टिलरीतून परत आपल्याच टाकीत येतो, हे मला खरोखर आवडतं. पण इथेनॉलला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, तर इथेनॉलला ९. म्हणून ठरलेल्या प्रमाणापलीकडे मिसळलं की इंजिन कोरडं चालतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि बूस्टमध्ये कोरडं मिश्रण पिस्टन वितळवतं. ओळखीच्या माणसाकडून स्पिरिट आणून टाकीत घालण्याचा विचार तर मनातही आणू नका. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये सुमारे पाच टक्के पाणी असतं. ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं आणि नेमकं पंपाच्या तोंडाशी जातं. उत्पादन शुल्क खात्याचा प्रश्न वेगळाच.

पायरी ५: बूस्टर घालायचाच असेल तर

बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मॅंगनीजचं संयुग, म्हणजे एमएमटी, असेल तर प्लगवर आणि ऑक्सिजन सेन्सरवर तांबूस थर बसतो. माझं तेच झालं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही त्यानं हळूहळू बुजतो. फेरोसीन असेल तर लोखंडाचा थर बसतो, तो वीज वाहतो आणि ठिणगी भलतीकडे जाते. टोल्युइनसारखे घटक त्यामानानं सौम्य, त्याचा रॉन १२० च्या आसपास, पण एका छोट्या बाटलीत मावेल तेवढ्यानं ४० लिटरची टाकी फारशी हलत नाही.

'३० पॉइंट वाढ' या शब्दांनी भलेभले फसतात. १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. ३० पॉइंट म्हणजे ९५ चं ९८, तेही बाटलीवर लिहिलेल्याच प्रमाणात, तेवढ्याच लिटरला. ९५ चं १२५ होत नाही.

ओतताना टाकी पाव भरलेली असावी. आधी बाटली, मग पेट्रोल, म्हणजे नोझलच्या जोरानं ते मिसळतं. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, आणि बाटली कधीही उन्हात गाडीत ठेवू नका. दोन बाटल्यांनी फायदा दुप्पट होत नाही, थर मात्र दुप्पट होतो. लांबचा घाट, ट्रॅकचा दिवस किंवा खराब पेट्रोल भरल्याची शंका, एवढ्यापुरतंच वापरा.

पायरी ६: पुन्हा मोजा

पंधरा-वीस किलोमीटर हलक्या पायानं चालवा. लाइनमधलं जुनं पेट्रोल संपू द्या, ईसीयूला शिकू द्या. मग तोच चढ, तोच गिअर, शक्य तितकं तेच तापमान. पावसाळी पहाटेचं रीडिंग एप्रिलच्या दुपारशी ताडून बघितलं, तर हवामानाचं श्रेय बाटलीला जातं. रिटार्ड कमी झाला नसेल, तर तुमच्या गाडीला ऑक्टेनची गरज नव्हती. तिथेच थांबा.

रेस फ्युएल

हे ट्रॅकसाठी आहे. त्याचे प्रकार फार वेगळे असतात. काहींत शिसं असतं. भारतात रस्त्यावरचं पेट्रोल २००० सालापासून शिसेमुक्त आहे, कारण शिसं माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूला घातक आहे. गाडीत ते कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर मारतं. विमानाचं १०० एलएल हेही शिशाचंच, ते कुणी 'स्वस्तात' देत असेल तरी नको. काहींत ऑक्सिजन जास्त असतो, त्यांना मॅपमध्ये इंधन वाढवावं लागतं. म्हणून डबा उघडण्याआधी तांत्रिक पत्रक मागा: रॉन, मॉन, शिसं, ऑक्सिजनचं प्रमाण.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रेस फ्युएलसाठी टायमिंग आणि बूस्ट वाढवलेला मॅप घालून नंतर साधं पेट्रोल भरून घरी यायचं नाही. आधी जुना मॅप परत घाला, मग पेट्रोल भरा. ट्रॅकवरून निघताना सगळे दमलेले असतात, घरी जायची घाई असते, आणि हायवेच्या पहिल्याच चढावर पिस्टनची रिंगपट्टी फुटते. मी स्टिअरिंगवर लाल चिकटपट्टी लावतो आणि मॅप बदलल्याशिवाय ती काढत नाही.

साठवणूक: स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं. पत्र्याचा घट्ट झाकणाचा कॅन, सावलीत, घराबाहेर. पाण्याच्या बाटल्या आणि प्लॅस्टिकचे ड्रम अजिबात नाही. पावसाळ्यात अर्धा कॅन महिनोन्‌महिने ठेवू नका, दमट हवा त्यात शिरते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे स्थिर न राहता उघडझाप करायला लागला, की पाय काढा आणि बाजूला थांबा. तो मिसफायरचा इशारा असतो, आणि न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला लाल करतं. प्लग काढा, रंग बघा. फिकट तपकिरी ठीक. पांढरा आणि त्यावर बारीक चकाकणारे ठिपके असतील, तर ते ॲल्युमिनियमचे कण असतात, पिस्टनचे. गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.