गणिताची कविता, चित्रांचं पुस्तक: या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. आमच्या वर्गासाठी मोजणीच्या कवितांची चित्रपुस्तकं मीच करते. चार कागद मधोमध दुमडायचे, दोन पिना मारायच्या, की सोळा पानांचं पुस्तक तयार. त्यातली पहिली काही पुस्तकं फसली. कुठे कविता गणिताला आडवी आली, कुठे चित्र दोघांनाही आडवं आलं. तुम्ही असं पुस्तक करायला बसला असाल तर आधी हे वाचा.

संख्या ओळीच्या शेवटी ठेवू नका

माझी अगदी पहिली कविता अशी होती:

माळावरती बकऱ्या सात,
आईने रांधला गरम भात.

बकऱ्यांचा आणि भाताचा काय संबंध? काहीच नाही. सातला यमक हवं होतं म्हणून भात आला. पुढच्या पानावर बकऱ्या आठ झाल्या आणि मी ‘ताठ’ शोधत बसले, नऊला ‘मऊ’ शोधलं. दर पानाला गोष्ट नव्या दिशेला पळाली. मुलांना यमकं पाठ झाली, पण एका बकरीची भर पडली की संख्या बदलते हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

उपाय साधा आहे. संख्या ओळीच्या सुरुवातीला आणा आणि यमक अशा शब्दांना द्या जे बदलत नाहीत:

सात बकऱ्या नाल्याकाठी,
एक वळली पाल्यासाठी.
बाकी किती?

आता पान उलटलं की फक्त पहिला शब्द बदलतो. सातच्या जागी सहा, मग पाच. बाकी सगळं जागच्या जागी राहतं, म्हणून जे बदललं तेच मुलाला दिसतं.

चाल अडखळली तर मात्रा मोजा

ही ओळ चालते कशी, हे बघताना मला एक गोष्ट सापडली. तिचा आनंद अजून ओसरलेला नाही. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घाची दोन, हा हिशेब शाळेत वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी केलेला असतो. आता एक, दोन, तीन, चार, पाच मोजून पाहा. प्रत्येकात तीन मात्रा. सहा? तीन. सात, आठ, नऊ, दहा? तीनच. आणि शून्य? तेही तीन! म्हणजे शून्यापासून दहापर्यंत कुठलीही संख्या उचलून दुसरीच्या जागी ठेवली तरी चाल मोडत नाही. ‘सात बकऱ्या नाल्याकाठी’ पंधरा मात्रांची, ‘दोन बकऱ्या नाल्याकाठी’ही पंधराचीच.

गडबड अकरापासून सुरू होते. अकरा, बारा, तेरा, चौदा चार मात्रांचे, पंधरा पाच मात्रांचा, सोळा ते अठरा पुन्हा चारचे आणि एकोणीस तर तब्बल सातचा. बरेच जण उत्साहात वीसपर्यंत जातात, वर्गात अकरावर सगळे एकदम अडखळतात आणि दोष मुलांच्या उच्चारांवर जातो. दोष ओळीचा असतो. अकराच्या पुढे जायचंच असेल तर दुसरी ओळही एका मात्रेनं वाढवा: ‘अकरा बकऱ्या नाल्याकाठी, एकच वळली पाल्यासाठी’. दोन्ही ओळी सोळाच्या झाल्या, चाल पुन्हा सरळ. पंधरावर तरीही अडतं. तिथे मी थांबते आणि मुलांना विचारते, इथे का अडलं? टाळ्या वाजवून ती शोधून काढतात.

चौथी-पाचवीच्या मुलांसाठी यातच पुढचं गणित दडलेलं आहे. आखूड आणि लांब पट्ट्या घ्या: आखूड एक मात्रेची, लांब दोनची. तीन मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरते? तीन. चारची? पाच. पाचची? आठ. १, २, ३, ५, ८ हा क्रम जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांचा विचार करताना मांडला होता. कविता आणि गणित आपण ओढूनताणून एकत्र आणतोय, असं वाटून बिचकणाऱ्या शिक्षकांना मी हे आवर्जून सांगते.

‘एक’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

पोळ्याचं पुस्तक करताना मी लिहिलं, ‘तीन जोड्या तोरणाखाली’. चित्रात सहा बैल. वर्गात दोन तट पडले. एकीकडून ‘तीन’, दुसरीकडून ‘सहा’, आणि दोन्ही बाजू बरोबर! चूक माझी होती. काय मोजायचं ते कवितेनं सांगितलंच नव्हतं.

मग चित्रात दर दोन बैलांच्या मानेवर एक जू आलं. जू दिसलं की जोडी दिसते. एका पानावर जोड्या मोजायच्या, समोरच्या पानावर बैल. दोनचा पाढा न सांगता आला. तान्ह्या पोळ्याचं पान वेगळं ठेवलं, कारण तिथे प्रत्येक लेकराच्या हातात एकच लाकडी बैल असतो. एक लेकरू, एक बैल ही जुळणीच तिथलं गणित.

कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा पाचच्या पाढ्याला असाच उपयोगी पडतो. माणसं मोजताना मात्र ‘चार मुली’ऐवजी ‘चौघी’ लिहा. दोघी, तिघी, चौघी हे शब्द घराघरात बोलले जातात आणि पुस्तकांत उगाच हरवतात.

आणि पोळ्यातून एक गोष्ट जरूर उचला. झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं गाणं, म्हणणारा एकटा म्हणत असतो, पण शेवटी ‘हर हर महादेव’ला सगळा गाव आवाज देतो. तशी एक ओळ पुस्तकात हवी, जी सगळ्या वर्गाला मिळून म्हणता येईल. माझ्या पुस्तकात ती ‘बाकी किती?’ आहे.

चित्रात मोजून पाहा, मग छापा

“मॅडम, हे तं सहाच हायेत.” सात बकऱ्यांच्या पानावर एका मुलीनं मला धरलं. सातवी बकरी पानाच्या दुमडीत गेली होती, नुसते कान बाहेर. पिना मारलेल्या सोळा पानी पुस्तकात फक्त आठवं आणि नववं ही मधली दोन पानं एकाच कागदावर समोरासमोर येतात. बाकी सगळीकडे डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या कागदांवर असतं. तिथे मधोमध काढलेली बकरी तुटते नाहीतर गिळली जाते. दुमडीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा मोकळी सोडा.

दूरच्या टेकडीवर शोभेसाठी आणखी चार बकऱ्या काढू नका, मुलं त्याही मोजतात आणि त्यांचं बरोबरच असतं. बाभळीमागून डोकावणारी बकरी चालेल, पण तिचं डोकं तरी दिसू द्या. आणि पानाचे आकडे! सहा बकऱ्यांच्या पानाखाली ५ छापलेला असला की नुकतेच अंक शिकलेलं मूल गोंधळतं. मोजणीच्या पुस्तकात पानांना आकडे घालूच नका.

कविता पाठ आहे, पण मोजता येत नाही

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. मूल खड्या आवाजात म्हणतं, बोट मात्र तीन बकऱ्या ओलांडून पुढे गेलेलं असतं. याला मूल कच्चं समजू नका. चाल बोटापेक्षा वेगानं धावतेय, एवढाच त्याचा अर्थ. बकऱ्या पानभर विखुरण्याऐवजी नाल्याच्या काठानं एका रांगेत उभ्या करा आणि दर बकरीला एक टाळी द्या.

मोजून झाल्यावर विचारा, “मग किती झाल्या?” मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगलेलं नाही. तिथे नवी कविता देऊ नका. तेच पान, तीच चाल, आणि शेवटच्या आकड्यावर हात फिरवून सगळ्या बकऱ्यांना कवेत घ्यायचं. आमच्याकडे काहींना याला पंधरा दिवस लागतात, काहींना दीड महिना.

गावचे शब्द

माझ्या आधीच्या मसुद्यात शेळ्या ओढ्याकाठी होत्या. “ओढा म्हंजे काय?” असं विचारलं गेलं आणि ओढ्याचा नाला झाला, शेळ्यांच्या बकऱ्या झाल्या. योगायोग असा की मात्रा तेवढ्याच राहिल्या, आणि नाल्याकाठीला पाल्यासाठी मिळालं. मेळघाटात कोरकू किंवा आमच्याच जिल्ह्यात कोलामी बोलणारी मुलं असतील, तर चित्राखाली एक रिकामी पट्टी ठेवा. घरची संख्यानावं ती मुलं किंवा त्यांची आजी सांगेल, तिथे लिहून घ्या. आपली चाल त्या नावांना बसणार नाही. त्यांची चाल त्या मुलांनाच लावू द्या.

शेवटी समजावून सांगू नका

‘तर बाळांनो, सात वजा एक बरोबर सहा’ ही ओळ मी एका पुस्तकात खरोखरच घातली होती. त्या ओळीला दर वेळी वर्गाचं लक्ष उडायचं.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त भुंग्यांचं एक गणित आहे. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला. केतकी आणि मालती दोघींचा वास त्याला ओढतोय, म्हणून तो मधल्यामध्ये घिरट्या घालतोय. उत्तर पंधरा. पण लक्षात राहतो तो उरलेला एक. गणितालाही तोच लागतो, कारण त्याच्याशिवाय उत्तर निघतच नाही.

माझ्या बकऱ्या सातच का, तर मुखपृष्ठ सोडलं की सोळा पानी पुस्तकात समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या होतात. सातपासून एकपर्यंत त्या पुरतात. शेवटची बकरी पाल्याकडे वळते, ‘बाकी किती?’ येतं, आणि उत्तर मलपृष्ठावर असतं. ‘शून्य बकऱ्या नाल्याकाठी’ मात्रांत चपखल बसतं, पण असं कुणी बोलत नाही, म्हणून तिथे शब्दच नाहीत. फक्त नाला, ओली माती आणि खुरांचे ठसे. पहिल्यांदा ते पान उलटलं तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला, मग मागच्या रांगेतून आवाज आला, “गेल्या न सगळ्या!” आणि चार-पाच जणं ठसे मोजायला पुस्तकावर वाकली.