जुन्या वस्तूंत जीव अडकतो? मग पसारा असा आवरा

कपाट आवरायला घ्यायचं, एक जुनं पत्र हाताला लागतं, मग दुसरं, आणि दोन तासांनी आपण फरशीवर बसलेलो, डोळे ओले आणि पसारा आधीपेक्षा डबल. माझं हे कितीतरी वर्षं असंच चालायचं. सुरुवातच चुकीच्या कपाटापासून करत होते.

आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी घ्या. आधी एक्स्पायर झालेली औषधं, कुठल्या फोनची तेही माहीत नाही असे चार्जर, झाकण हरवलेले डबे, सुकलेली पेनं. यांच्यासाठी कुणी रडत नाही, आणि टाकायची हाताला जरा सवय होते.

मग हळवा कप्पा. इथे माझी एकच ट्रिक, वस्तू स्वतः हातात घ्यायची नाही. घरातल्या कुणालातरी धरायला सांगा, तुम्ही फक्त बघून ठेवायची की द्यायची ते सांगा. हसू येईल पण यात तथ्य आहे, हात लागला की वस्तू जास्तच आपली वाटायला लागते. कानमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांचा १९९० सालचा कॉफी मगचा प्रयोग गाजलेला आहे, काही जणांना साधे मग दिले आणि कितीला विकाल विचारलं तर त्यांनी सांगितलेली किंमत ही मग न मिळालेले लोक जेवढे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. नुकताच हातात आलेला मग बरं का! तर वीस वर्षं जपलेल्या स्वेटरचं काय होत असेल.

बाबा गेल्यावर त्यांचे सहा चष्मे निघाले. सगळे ठेवले, तीन वर्षं. मग एकदा सहाही ओळीने मांडले आणि लक्षात आलं की पाच नुसतेच चष्मे आहेत, बाबा आहेत ते एकातच, ज्याच्या तुटलेल्या काडीला त्यांनी काळा दोरा गुंडाळलाय आणि गाठीवर डिंक लावलाय. तो ठेवला, तोही ड्रॉवरमध्ये नाही, टेबलावर. म्हणजे "ठेवू का टाकू" असं न विचारता "यातलं कुठलं एक" असं विचारा, उत्तर पटकन येतं.

कागदांचं वेगळं आहे. थर्मल म्हणजे शाईऐवजी उष्णतेनं छापतात त्या कागदावरची तिकिटं, पावत्या आपोआप पांढऱ्या होतात, त्यांचे आजच फोटो काढा. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर फोटो हळूच सोडवा, तो गोंद फोटो खराब करतो, आणि एखादा निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईनं करायचा ते सेटिंग), आणि कॉपी दोन ठिकाणी. व्हिडिओ कॅसेट तर अजिबात पुढे ढकलू नका, टेप नुसती पडून राहिली तरी खराब होते आणि व्हीसीआरचं उत्पादन २०१६ मध्येच बंद पडलंय.

गिफ्टचं म्हणाल तर देणाऱ्याला द्यायचं होतं, त्यानं दिलं, तुम्ही खुश झालात, झालं की. न आवडलेली फुलदाणी आयुष्यभर सांभाळायचा करार कुणी केला नव्हता. पण दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नका, नवऱ्याच्या नाही, मुलांच्या तर नाहीच. मी एकदा टाकल्यात, अजून ऐकून घेते.

काहीच ठरत नसेल तर एक खोकं घ्या, टेप लावा, वर तारीख लिहा. वर्षभरानं उघडायच्या आधी आत काय होतं ते आठवून कागदावर लिहा, आठवलं ते काढून घ्या, बाकीचं जाऊ द्या. माझ्या खोक्यात चार किल्ल्या आहेत, कुठल्या कुलपाच्या घरात कुणालाच माहीत नाही, पण दर वर्षी त्या कागदावर पहिल्या येतात.