डिजिटल नकाशावर अंतर मोजण्याआधी: स्केल आणि युनिटची तयारी

पीडीएफमधल्या बांधकामाच्या नकाशावर मोजायला बसण्याआधी ती फाइल कुठून आली ते विचारून घ्या. कॅडमधून, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधून, थेट काढलेली असेल तर रेषा व्हेक्टर असतात, म्हणजे कितीही झूम केलं तरी धारदार राहतात आणि स्नॅप चालू असेल तर कर्सर त्यांच्या टोकांना आपोआप चिकटतो. कागद स्कॅन करून बनवलेली असेल तर समोर आहे ते निव्वळ ठिपक्यांचं चित्र. ८०० टक्के झूम करून बघा. रेषेच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या आणि धुरकट दिसल्या तर स्कॅन समजा. अशा वेळी मूळ फाइल मिळते का ते आधी पाहा. एक फोन करावा लागेल, पण पुढची बरीच झटापट वाचेल.

मग पानाचा आकार तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात. नकाशाच्या चौकटीत 'स्केल १:१००' असं छापलेलं असतं, म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर प्रत्यक्षात १०० मिलिमीटर. पण ते खरं असतं ते नकाशा ज्या मापाच्या कागदासाठी काढला त्याच कागदावर. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. ६ मीटरची भिंत त्यावर ६० मिलिमीटरची येते. कोणीतरी तोच नकाशा ए४ वर 'फिट टू पेज' करून, म्हणजे पानात मावेल इतका लहान करून, पीडीएफ बनवला, तर भिंत साधारण ४२.४ मिलिमीटरवर येते, आणि तुम्ही भाबडेपणाने १:१०० लावलं की सॉफ्टवेअर ४.२४ मीटर सांगतं. त्या पानाचं खरं स्केल आता १:१४१ झालंय, चौकटीत मात्र १:१०० तसंच आहे. म्हणून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, पानाची लांबी-रुंदी वाचा आणि चौकटीत लिहिलेल्या कागदाच्या मापाशी ताडून पाहा. माप पॉइंटमध्ये दिसलं तर गोंधळू नका: ७२ पॉइंटचा एक इंच, आणि इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा. ५९५ × ८४२ दिसलं की ते ए४.

एवढा मोठा फरक निदान डोळ्यांना खुपतो. लहान फरक जास्त घातक. प्रिंट करताना समास सुटावा म्हणून ९७ टक्क्यांवर बसवलेला नकाशा बघून कोणालाच शंका येत नाही. ६ × ४ मीटरची खोली ५.८२ × ३.८८ मोजली जाते. लांबीत ३ टक्केच गेले, पण क्षेत्रफळ २४ वरून सुमारे २२.६ चौरस मीटरवर येतं, म्हणजे जवळजवळ ६ टक्के कमी. फरशीची ऑर्डर याच आकड्यावर जाणार असते.

आता सॉफ्टवेअरची सेटिंग. फाइलमध्ये स्केल साठवलेलं नसेल तर मोजणारं टूल कागदच मोजतं आणि ६ मीटरच्या भिंतीला ६० मिलिमीटर म्हणतं. असा आकडा आला तर टूल बिघडलेलं नाही, त्याला स्केल सांगायचं राहिलंय. कॅडमधून आलेल्या काही फाइलींत मात्र स्केल आत भरलेलं असतं. ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मेजरिंग (टूडी)' खाली, दस्तऐवजातलं स्केल आणि युनिट असल्यास तेच वापरायचं, असा पर्याय आहे. तो चालू आहे की बंद, हे पाहून ठेवा. नाहीतर तुम्ही एक स्केल लावता, फाइल दुसरंच वापरते आणि आकडा कुठून आला ते कळत नाही.

युनिट एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. बांधकामाच्या नकाशांवर आकडे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात, युनिट न लिहिताच: नुसतं ३६०० लिहिलेलं असतं, म्हणजे ३.६ मीटर. फूट-इंचात काम असेल तर ५.५ फूट म्हणजे ५ फूट ६ इंच, ५ फूट ५ इंच नव्हे, हे मापांची यादी करणाऱ्यालाही सांगून ठेवा. दशांशचिन्हानंतर किती आकडे दाखवायचे तेही आत्ताच ठरवा. १:१०० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेष प्रत्यक्षात ५ सेंटिमीटर झाकते, तिथे मिलिमीटरपर्यंतचा आकडा दाखवणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दिखावा. त्याच कारणासाठी, भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजायचं की मध्यरेषेपासून, हेही पहिल्या क्लिकआधी ठरवा.

त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या लांबीवर स्केल जुळवून घेणं. माझ्या मते स्केलचा छापील आकडा कितीही विश्वासू वाटला तरी ही पायरी सोडू नये. नकाशावर ज्याचं माप लिहिलेलं आहे अशी एक लांबी निवडा आणि ती मोजून पाहा. निवड लांबलचक हवी. ९०० मिलिमीटरचं दार १:१०० वर जेमतेम ९ मिलिमीटरचं असतं. क्लिक अर्धा मिलिमीटर हुकली की साडेपाच टक्के चूक, आणि ती पुढच्या प्रत्येक मापात शिरते. १८ मीटरची बाहेरची भिंत १८० मिलिमीटरची दिसते, तिथे तीच हुकलेली क्लिक पाव टक्क्याच्या आसपास राहते. शिवाय दार बऱ्याचदा नुसतं चिन्ह म्हणून काढलेलं असतं. कॅलिब्रेट करताना भरपूर झूम करा. झूममुळे माप बदलत नाही, फक्त क्लिक नेमकी पडते. आलेखी मोजपट्टी (नकाशावरच काढलेली, अंतराच्या खुणांची पट्टी) छापलेली असेल तर तीही वापरा: पान लहान-मोठं झालं की ती सोबत लहान-मोठी होते, त्यामुळे १:१०० या आकड्यापेक्षा ती भरवशाची.

स्कॅन असेल तर आडवं आणि उभं, दोन्ही तपासा. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये कागद किंचित घसरला की ओढण्याच्या दिशेने चित्र ताणलं किंवा आक्रसलं जातं. आडवी २० मीटरची भिंत बरोबर २० येते आणि उभी १२ मीटरची ११.८२, असा प्रकार दिसला तर एका स्केलने काम भागणार नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये उभ्यासाठी वेगळं स्केल देता येतं. ते नसेल तर पुन्हा, सरळ ठेवून स्कॅन करून घ्या. कागद तिरका बसला असेल तर आधी तो सरळ करा, मग कॅलिब्रेट करा.

एकाच शीटवर प्लॅन १:१०० आणि जिन्याचा तपशील १:२० असेल तर प्रत्येक भागाचं स्केल वेगळं लावा. ज्या तपशिलाखाली 'नॉट टू स्केल' लिहिलंय तो मोजूच नका, तिथे फक्त लिहिलेली मापं घ्यायची. मोजलेलं आणि लिहिलेलं जुळलं नाही तर लिहिलेलं माप धरतात; पण तफावत नकाशा काढणाऱ्याच्या कानावर घाला.

स्केल मध्येच बदललं तर आधी घेतलेली मापं आपोआप बदलतात की जुनीच राहतात, हे सॉफ्टवेअरनुसार वेगळं असतं. एका लांबीवर प्रयोग करून बघा. आणि यादी पुढे पाठवताना वर तीन गोष्टी लिहा: फाइलची कोणती आवृत्ती, कोणतं स्केल आणि युनिट, कोणत्या लांबीवर पडताळलं. सुधारित नकाशा आला की पानाच्या आकारापासून पुन्हा तपासा. नवी पीडीएफ काढताना प्रिंटची सेटिंग जुनीच होती असं धरून चालू नका.