पैसा, सत्ता आणि देव: असे सिनेमे पाहायचे कसे

लोभ, सत्ता आणि धर्म एकत्र नांदताना दाखवणारा सिनेमा पाहायला बसलात की आधी एवढंच शोधा: कुणाला कुणाकडून काय हवंय? मोघम उत्तर चालणार नाही. जमीन, मतं, परवानगी, रक्कम, जे असेल ते नेमकं. मी पात्रांची नावं कागदावर लिहितो आणि प्रत्येकापुढे त्याची गरज.

मग ज्या प्रसंगात गरज पालटते तिथे थांबा. 'देअर विल बी ब्लड' (२००७) मध्ये तेलविहिरी खणणाऱ्या प्लेनव्ह्यूला जमीन हवी असते, तरुण धर्मोपदेशक इलायला चर्चसाठी पैसे. पैसे मागायला आलेल्या इलायला प्लेनव्ह्यू चिखलात लोळवतो. पुढे पाइपलाइन एका म्हाताऱ्याच्या जमिनीतून न्यायची असते आणि त्याची अट एकच: चर्चमध्ये बाप्तिस्मा घे. आता गुडघ्यांवर प्लेनव्ह्यू, आणि भर सभेत थोबाडीत मारणारा इलाय. हे दोन प्रसंग लागोपाठ पाहा. दोघांना एकमेकांचा तिटकारा आहे, तरी सौदा मोडत नाही. माझ्या मते या विषयावरचं इतकं नेमकं चित्रण क्वचितच सापडतं.

धर्मगुरू काय बोलतो यापेक्षा तो काय ऐकून घेत नाही, तिकडे कान द्या. रशियन दिग्दर्शक झ्व्यागिन्त्सेवच्या 'लेव्हायथन' (२०१४) मधला महापौर बिशपकडे मन मोकळं करू पाहतो. बिशप तपशिलात शिरतच नाही, सत्ता देवाकडूनच येते असं सांगून त्याला धीर देतो. एका माणसाचं घर पाडून मोकळ्या केलेल्या जागेवर शेवटी काय उभं राहतं आणि तिथे कोणत्या गुणाचं प्रवचन चालतं, तेही नीट पाहा.

आणि कृपा करून 'सगळे बुवा भोंदू' म्हणून मोकळे होऊ नका. खरी श्रद्धा असलेलं पात्र शोधाच. उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ' (२०११) मध्ये केशाला दत्ताचं दर्शन होतं ते अगदी निर्मळ आहे, त्यात त्याचा काही डाव नाही. गावातल्या जाणत्या अण्णांना इस्पितळ हवं असतं. पण गावाचं राजकारण देवळामागे जातं, दुकानं थाटली जातात आणि ज्याला देव दिसला तोच बाजूला पडतो. केशा नसता तर उरली असती नुसती टवाळी. त्याच्यामुळे कळतं की या युतीत लुटलं काय जातं.

सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू'त तर वाद चरणामृताच्या दूषित पाण्याचा आहे. तिथे डॉक्टर आणि नगरपालिकेचा अध्यक्ष सख्खे भाऊ आहेत, हे ध्यानात ठेवून संवाद ऐका.

सुरुवात 'देऊळ'पासून करा. पहिल्यांदा गोष्ट म्हणून पाहा, दुसऱ्यांदा फक्त गावकऱ्यांकडे: कोण कधीपासून गप्प बसायला लागतं ते टिपत जा.