डॉट गेन मशीनचा की कागदाचा? हाफटोन छापताना या चुका टाळा

५० टक्क्यांच्या टिंटवर, म्हणजे निम्मी जागा शाईच्या बारीक ठिपक्यांनी (हाफटोनने) झाकलेल्या पट्टीवर, डेन्सिटोमीटर (छापाचा गडदपणा मोजणारं यंत्र) ६६ दाखवतो. ही १६ ची वाढ म्हणजे डॉट गेन. ठिपका छापताना १६ टक्क्यांनी फुगला असा अर्थ लावून मशीनमन प्रेशर किंवा शाई कमी करायला घेतो. ऑफसेटमधली ही फार महाग पडणारी चूक आहे, कारण त्या १६ मधला मोठा वाटा बहुतेक वेळा कागदावर शाईच्या रूपात नसतोच. तो कागदाच्या आत घडतो.

दोन ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागेतून प्रकाश कागदात शिरतो. आत तंतू, भरावाचे कण आणि हवेच्या पोकळ्यांवर आपटत तो बाजूला सरकतो आणि त्यातला काही शेजारच्या ठिपक्याखाली जाऊन शाईत शोषला जातो. १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये (इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी) ठिपक्यांच्या केंद्रांतलं अंतर जेमतेम ०.१७ मिमी असतं, त्यामुळे एवढं सरकणंही पुरतं. मॅजेंटाची मधली टिंट मायक्रोस्कोपखाली पाहा. ठिपक्यांमधला कागद समासाइतका पांढरा दिसत नाही, त्यावर गुलाबी झाक असते. म्हणजे टिंट नुसती गडद होत नाही, तिचा रंगही बदलतो. शाईचा ठिपका खरोखर फुगला तर तो यांत्रिक गेन, प्रकाशामुळे नुसता फुगल्यासारखा दिसला तर तो ऑप्टिकल गेन.

चूक १: दोन्ही गेन एकच समजणे

डेन्सिटोमीटर १९३६ च्या मरे-डेव्हिस सूत्राने टक्का काढतो: (१ − १०^−टिंटची घनता) ÷ (१ − १०^−सॉलिडची घनता). घनता म्हणजे गडदपणाचा आकडा, सॉलिड म्हणजे पूर्ण शाईने भरलेली पट्टी. दोन्ही घनता कोऱ्या कागदावर शून्य करून घ्यायच्या. सॉलिड १.५० आणि टिंट ०.४४ असेल, तर उत्तर ६६ टक्के येतं. यूल आणि नील्सन यांनी १९५१ मध्ये याच सूत्रात दोन्ही घनतांना ‘एन’ या अंकाने भागायला सुचवलं. प्रकाश बाजूला अजिबात सरकत नसेल तर एन १, आणि तो पूर्ण मिसळत असेल तर २ च्या आसपास. वरच्याच आकड्यांत एन १.७ घेतला, तर टक्का ५२ वर येतो. अशा वेळी शाईचा ठिपका खरा वाढला फक्त २ टक्क्यांनी. उरलेले १४ टक्के कागदाने दिलेले आहेत आणि ते प्रेशर कमी करून जाणार नाहीत. शाई कमी केली तर सॉलिडची घनता पडते, चित्र फिकं आणि मेलेलं दिसतं.

म्हणून आधी छपाईची खूण तपासा. स्टार टार्गेटचा (एका केंद्रात जुळणाऱ्या रेषांची चाचणी खूण) मधला काळा भाग लांबट झाला असेल तर स्लर (ठिपका छापताना घसरतोय), इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसला तर डबलिंग (ठिपक्याची दुहेरी छाप). मग ब्लँकेटचा (प्लेटवरची शाई कागदावर नेणारं रबर) ताण, त्याखालचं पॅकिंग आणि प्रेशर पाहायचं. तो गोल आणि लहान असेल, मायक्रोस्कोपखाली ठिपक्यांच्या कडाही साफ असतील, तर मशीन सोडून प्लेटच्या कर्व्हकडे वळा, म्हणजे फाइलमधल्या टक्क्याला प्लेटवर किती टक्के घ्यायचे हे ठरवणाऱ्या दुरुस्तीकडे.

एन कुठल्या तक्त्यातून उचलू नका. त्याच कागदावरच्या टिंटचा मायक्रोस्कोप कॅमेऱ्याने फोटो घेऊन शाईने झाकलेलं क्षेत्र मोजा आणि सूत्राचं उत्तर त्याच्याशी जुळेपर्यंत एन बदला. कागद किंवा स्क्रीन बदलली की एन बदलतो. हा आकडा फक्त निदानासाठी वापरा. आयएसओ १२६४७ या छपाईच्या आंतरराष्ट्रीय मानकातले गेन मरे-डेव्हिसने काढलेले आहेत, त्यांच्याशी तुलना करताना यंत्रात एन १ च हवा. यंत्रात कोणीतरी १.७ ठेवून दिला असेल, तर अहवालात सगळं उत्तम दिसेल आणि छापलेलं गडद निघेल.

चूक २: आर्ट पेपरचा कर्व्ह मॅपलिथोवर

दिवाळी अंकात मुखपृष्ठ आर्ट कार्डवर आणि आतली पानं मॅपलिथोवर (वर लेप नसलेला, अनकोटेड कागद), हे नेहमीचंच. आर्ट पेपरवरचा लेप (म्हणून तो कोटेड कागद) प्रकाश लवकर परत पाठवतो. मॅपलिथोत प्रकाश जास्त लांब भटकतो, शाईही जास्त मुरते. मध्यावर अपेक्षित गेन कोटेड कागदाला १६, अनकोटेडला २२, वर्तमानपत्राच्या कागदाला २६ टक्के धरतात. एकच कर्व्ह दोन्हीकडे लावला की आतल्या पानांवरचे चेहरे काळवंडतात. मॅजेंटा आणि पिवळा सायनपेक्षा जास्त चढले, तर त्वचा लालसर तांबूस होते.

प्रत्येक कागदासाठी वेगळी चाचणी छापा. प्लेट लिनिअर ठेवा (फाइलमधले ५० प्लेटवरही ५०), सॉलिडची घनता ठरल्याप्रमाणे आणा, ५ ते ९५ टक्क्यांची पट्टी चारही रंगांत मोजा. मॅपलिथोवर ५० च्या जागी ७२ हवे आणि ७७ आले, तर पट्टीत ७२ कुठे मिळतात ते शोधा. समजा ४५ वर मिळाले, तर कर्व्हमध्ये ५० च्या जागी ४५ भरा. चारही रंगांचे कर्व्ह वेगळे काढा. शेवटी सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० ची करडी पट्टी छापून ती खरंच करडी दिसते का ते पाहा. फाइलही त्या कागदाच्याच रंग प्रोफाइलने चार रंगांत विभागलेली हवी, नाहीतर कर्व्हची मेहनत वाया.

चूक ३: स्क्रीन बदलली, कर्व्ह तोच

तेवढ्याच क्षेत्रात ठिपके बारीक झाले की त्यांच्या कडांची एकूण लांबी वाढते, आणि प्रकाश अडकतो तो कडेपाशीच. १५० वरून १७५ लाइनला जाताना गेन चढतो. २० मायक्रॉनच्या एफएम स्क्रीनमध्ये (एकाच आकाराचे बारीक, विखुरलेले ठिपके) तर फारच, म्हणून तिला जुना कर्व्ह कधीच लावू नये.

मोजणीतल्या छोट्या चुका

प्लेट तपासायला कागदाचा डेन्सिटोमीटर नको, कॅमेऱ्याचा प्लेट रीडर घ्या. ७० जीएसएमच्या कागदाखाली एकदा काळा पाठिंबा आणि एकदा कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला, तर आकडे जुळणार नाहीत. एकच पाठिंबा ठरवून अहवालात लिहा. ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) असलेल्या कागदावर एम१ ने (अतिनील प्रकाशासह) घेतलेलं रंगाचं मोजमाप एम२ च्या (अतिनील गाळून घेतलेल्या) मोजमापाशी लावू नका.

ग्लॉस लॅमिनेशनच्या कामात मंजुरी लॅमिनेट केलेल्या नमुन्यावरच घ्या. फिल्मच्या वरच्या पृष्ठावरून काही प्रकाश पुन्हा खाली वळतो, कागदात आणखी पसरतो आणि मधल्या टिंट अजून चढतात.